मदत मागितली की अक्कल काढतात, अशा वेळी तुम्ही काय करता?

रानजाई
सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच. लांबेल थोडं.

मी बीकॉम. लग्नानंतर चार वर्षं घरीच होते, मग पुण्यात डेक्कनला एका क्लासमध्ये पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि डेटाबेस शिकले आणि गेल्या वर्षीपासून एका छोट्या ऑफिसात कामाला आहे. आम्ही चारच जण. पाण्याचे टँकर आणि वीस लिटरचे जार पोचवणाऱ्या लोकांसाठी ऑर्डर घ्यायचं सॉफ्टवेअर करतो, सिंहगड रोडचे ग्राहक जास्त, धायरी, किरकटवाडी, नांदेड, खडकवासला, पार डोणज्यापर्यंत. ड्रायव्हरना वाचता यावं म्हणून पत्ते सगळे मराठीत.

तर झालं असं की 'गोऱ्हे बुद्रुक' शोधलं की निम्मेच ग्राहक यायचे. उरलेल्या निम्म्यांचं गाव पण गोऱ्हे बुद्रुकच, डोळ्यांना तंतोतंत सारखं दिसतं, पण कॉम्प्युटर म्हणतो वेगळं आहे. दोन दिवस डोकं फोडलं. ज्यांना विचारायचे ते सर मुलाच्या मुंजीला गावी गेलेले आणि इकडे टँकरवाला रोज फोन करतोय की आमच्या गोऱ्ह्याच्या ऑर्डरी दिसत नाहीत. शेवटी हिंमत करून एका मोठ्या इंग्रजी टेक्निकल फोरमवर प्रश्न टाकला. साइटचं नाव लिहीत नाही, कुणाची बदनामी करायची नाहीये.

माझं इंग्रजी मराठी शाळेचं. जमेल तसं लिहिलं, डिअर सर्स, मला एक डाउट आहे, दोन सारखे शब्द जुळत नाहीत, अर्जंट आहे, कृपया मदत करा. खाली दोन स्क्रीनशॉट. दहा मिनिटांत चार मायनस (नापसंतीची मतं) पडले. पहिला प्रतिसाद, स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांची ओळ) वेगळ्या आहेत म्हणून वेगळ्या येतायत, हे पहिल्या दिवशी शिकवतात. दुसरा म्हणाला आधी इंग्रजी शिक मग कोड लिही. तिसऱ्याने फक्त लिहिलं, नॉर्मलाइज कर (म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी कर), आणि एक लिंक. मी लिंक वाचून ते करून पण पाहिलं, जुळलं नाही, तसं सांगायला परत गेले तर प्रश्नाला कुलूप.

खोटं कशाला बोलू, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आता महिना होत आला. तेव्हापासून कुठेही काही विचारायला बसले की टाइप करते आणि पुसून टाकते. घरी म्हणतात परक्या लोकांना विचारतेसच कशाला. पण मग विचारायचं कुणाला?

इथे बरेच जण या लाइनमधले आहेत म्हणून विचारते. सगळ्यांनाच असं होतं का? उलट उत्तर द्यायचं की गप्प बसायचं? आणि मनाला लावून न घेणं म्हणजे नक्की काय करायचं असतं?

---

पेठेतला_पेंग्विन
सोमवार, रात्री ११:३५

ताई, डोळ्यात पाणी आलं यात कमीपणा वाटण्यासारखं काहीच नाही. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे आणि मला माझा पहिला अपमान अजून तारीखवार आठवतो.

२००६ ची गोष्ट. तेव्हा उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्स सिस्टिमची, सीडी फुकट पोस्टाने घरी यायची, २०११ ला ते बंद झालं. आली सीडी, घातली कॉम्प्युटरमध्ये आणि मी विंडोजचं पार्टिशनच, म्हणजे डिस्कवरचा तिचा कप्पाच, उडवला. मुलीच्या बारशाचे फोटो, बायकोचे भिशीचे हिशोब, सगळं गेलं. घाबरून एका मेलिंग लिस्टवर (ईमेलवर चालणारा गट) विचारलं तर उत्तर आलं चार अक्षरांचं, आरटीएफएम. अर्थ शोधायला गेलो तेव्हा कळलं, 'मॅन्युअल वाच', आणि मध्ये एक शिवी. त्या रात्री जेवलो नाही.

तेव्हा पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपची मंडळी मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये भेटायची. कुणीतरी सांगितलं म्हणून डबा पिशवीत घालून (कॉम्प्युटरचा डबा) रिक्षाने गेलो. विशीतला एक मुलगा होता. त्याने पहिलं वाक्य काय म्हणावं, काका, आधी एक करा, या डिस्कवर आता काहीच लिहू नका. मग टेस्टडिस्क नावाचा प्रोग्राम चालवून तीन तास माझ्या शेजारी बसला आणि पार्टिशन परत आणलं. बारशाचे फोटो आजही आहेत.

घरी येऊन मॅन्युअल उघडलं. त्या मुलाने सांगितलेलं जवळपास सगळं त्यात होतं. म्हणजे लिस्टवरचा माणूस चूक नव्हता बघा, उत्तर खरंच मॅन्युअलमध्ये होतं. पण कुठल्या पानावर ते मला कळण्याची सोयच नव्हती, कारण 'पार्टिशन टेबल' हा शब्दच मला माहीत नव्हता. ज्याला शब्द माहीत नाही त्याला पुस्तक वाच म्हणणं म्हणजे आंधळ्याला पाटी वाच म्हणण्यासारखं आहे. तुमचं तेच झालंय. तुम्हाला काय विचारायचं ते ठाऊक होतं, त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

आणि सगळ्यांनाच होतं का म्हणाल, तर हो. ज्यांनी लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जन्माला घातला त्या लिनस टॉरवाल्ड्सची मेलमधली भाषा वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध होती, मोठे मोठे लोक त्यात भाजून निघाले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतः कर्नलच्या मेलिंग लिस्टवर माफी मागितली, काही आठवडे बाजूला झाले, आणि त्याच सुमाराला कर्नलच्या कामासाठी वागणुकीची लेखी नियमावली आली. इतकी वर्षं 'काम असंच होतं, सहन करा' म्हणणाऱ्यांना तो दिवस फार जड गेला. मला बरं वाटलं. बारा वर्षं उशिरा, पण बरं वाटलं.

---

तिसरं_सेमिस्टर
मंगळवार, सकाळी ८:१०

ताई सेम टू सेम. मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला अंतर मोजायचा सेन्सर लावला होता, तो अल्ट्रासॉनिकवाला, आणि पायची एक पिन बंद पडली. फोरमवर ब्रेडबोर्डचा (वायरी खोचून सर्किट जोडायची पट्टी) फोटो टाकून विचारलं काय चुकलं. एकाने लिहिलं वायरींच्या गुंत्याचे फोटो बघायला आम्ही रिकामटेकडे नाही, सर्किट डायग्राम काढता येत नसेल तर फील्ड बदल. मी पोस्टच डिलीट केली.

मग नवीन सेन्सर घ्यायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. दुकानातल्या काकांना तोच फोटो मोबाइलवर दाखवला. ते म्हणाले बाळा यातून मला काही दिसेना, हे घे, आणि बिलाच्या मागे पेन दिलं, काय कशाला जोडलंय काढून दाखव. मी काढत गेलो आणि काढता काढताच मला दिसलं, सेन्सरची इको पिन ५ व्होल्ट बाहेर टाकते आणि पायची पिन ३.३ चीच. मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवायला हवं होतं. काकांनी १ आणि २ किलोओहमचे रेझिस्टर काढून दिले, पैसे पण घेतले नाहीत.

रात्री विचार केला तर दोघांनी मला एकच गोष्ट सांगितली होती राव. डायग्राम काढ. एकाने फील्ड सोडायला लावलं असतं, एकाने पेन दिलं.

---

कोथरूडचा_कोडर
मंगळवार, दुपारी १:०५

इथे सगळे धीर देतायत, मी जरा दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. मी आठ-नऊ वर्षं इंग्रजी साइट्सवर उत्तरं देतोय, ऑफिस सांभाळून, फुकट.

रानजाई, तुमच्या प्रश्नात कोड नव्हता. स्क्रीनशॉटमधला मजकूर कॉपी करता येत नाही, म्हणजे मदत करायची इच्छा असलेल्या माणसाला पण तुमचा प्रॉब्लेम आपल्या मशीनवर करून बघता येत नाही. आणि तुमच्या केसमध्ये तर स्क्रीनशॉट म्हणजे पुरावाच नाहीसा, कारण फरक डोळ्यांना दिसत नाही हाच तर प्रॉब्लेम! तो मजकूर टाकला असता तर कुणीतरी पाच मिनिटांत ओळखलं असतं.

दुसरं, 'अर्जंट' लिहू नये. फुकट काम करणाऱ्याला ते घाई केल्यासारखं वाटतं. तिसरं, 'डाउट'. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, शाळेपासून सर डाउट आहे म्हणतो आपण. बाहेरच्यांना ते 'माझा विश्वास बसत नाही' असं ऐकू येतं. 'क्वेश्चन' लिहायचं. आणि डिअर सर, थँक्स इन ॲडव्हान्स हे स्टॅक ओव्हरफ्लोसारख्या (प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या) साइटवर लोक एडिट करून उडवतात, त्यात अपमान नसतो, पुढे तोच प्रश्न पडणाऱ्या माणसासाठी पान स्वच्छ ठेवायचं असतं. नवीन मुलांना ते फार लागतं, नमस्कारच खोडला म्हणतात.

मायनसचं पण सांगतो. तुमची साइट कुठली माहीत नाही, स्टॅक ओव्हरफ्लोचं मला माहितीय. प्रश्नाला मायनस पडला की विचारणाऱ्याचे २ गुण जातात, म्हणजे एका प्लसच्या १० गुणांत पाच मायनस भरून निघतात. प्रश्न 'बंद' म्हणजे कायमचा मेला असं नाही. दुरुस्त केला की परत उघडायचा का हे तपासणाऱ्यांच्या रांगेत जातो. बहुतेक नवीन लोक बंद दिसल्यावर निघूनच जातात आणि दुरुस्तीची संधी तशीच पडून राहते.

---

रानजाई
मंगळवार, दुपारी ३:४०

कोडर, राग नाही आला. स्क्रीनशॉटचं तुम्ही म्हणता ते एकदम पटलं, हे मला कुणी त्या दिवशी सांगितलं असतं तर तेव्हाच मजकूर टाकला असता. डाउटचं तर मला माहीतच नव्हतं, आमच्या क्लासचे सर पण डाउटच म्हणायचे.

पण 'आधी इंग्रजी शिक' याला काय म्हणायचं? त्यात मला सुधारण्यासारखं काय होतं? स्क्रीनशॉट नको हे दोन शब्दांत सांगता आलं असतं ना त्याच जागेत.

---

कोथरूडचा_कोडर
मंगळवार, दुपारी ४:१५

नाही, त्याला काही स्पष्टीकरण नाही. ती कमेंट रिपोर्ट करायची होती. मी वरच्या लांबलचक पोस्टमध्ये तिच्याबद्दल एक ओळ लिहायला हवी होती, ती राहिली, ते चुकलं माझं.

---

खडूफळा
मंगळवार, रात्री ९:२०

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. कोडर यांचे नियम मी मुलांना फळ्यावर लिहून देते, नियम चांगलेच आहेत. पण वर्गात काय होतं ते सांगते. साठ मुलांत प्रश्न विचारणारी चार-पाच, आणि तीच ती. खेड्यातून आलेल्या, मराठी माध्यमातल्या मुली तास संपल्यावर स्टाफरूमच्या दाराशी घुटमळतात, मॅडम एक विचारू का, आणि तो प्रश्न नेमका अख्ख्या वर्गाला पडलेला असतो. वर्गात कुणी एकदा हसलेलं असतं बास, तेवढं पुरतं. वर्षभर तोंड उघडत नाहीत.

म्हणून 'मनाला लावून घेऊ नका' हा सल्ला मला अर्धा वाटतो. लागतं ते लागतंच. आणि हे काही फक्त आपल्या मनाचे खेळ नाहीत. एप्रिल २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतःच्याच ब्लॉगवर कबूल केलं होतं की फार लोकांना ही जागा परकी आणि उर्मट वाटते, त्यात नवशिके, स्त्रिया आणि गोरे नसलेले लोक जास्त. त्याच वर्षी त्यांनी वागणुकीचे नियम नव्याने लिहिले, नवीन सदस्याच्या प्रश्नावर तसं कळेल अशी खूण लावायला लागले. म्हणजे ज्यांचं दुकान आहे त्यांनीच म्हटलं गिऱ्हाईक दारातून परत जातंय.

हल्लीची मुलं कुणाला विचारतच नाहीत, एआयला विचारतात. ते ओरडत नाही, रात्री दोनला पण उत्तर देतं, लाडाने देतं. मी अडवत नाही. पण अस्तित्वातच नसलेलं फंक्शन ते त्याच गोड सुरात सांगतं आणि मुलं ते दोन तास शोधत बसतात. उर्मट माणसाचं निदान चुकलं तर खाली दुसरा कुणी येऊन त्याला टोकतो तरी.

---

रानजाई
मंगळवार, रात्री १०:००

मॅडम, मी पण विचारलं होतं एआयला. त्याने पण नॉर्मलाइज करा हेच सांगितलं, खूप गोड भाषेत. नाहीच चाललं.

---

पेठेतला_पेंग्विन
मंगळवार, रात्री १०:२५

थांबा थांबा. दोन दिवस आपण सगळे भावनांवर बोलतोय आणि ताईंचा टँकरवाला तिकडे अजून ताटकळलाय. सुटला का तो प्रॉब्लेम?

नसेल सुटला तर एक करा. दोन्ही 'गोऱ्हे' डेटाबेसमधून घ्या, हाताने टाइप करू नका, आणि पायथनमध्ये दोघांची लांबी छापा. मग एक एक अक्षर घेऊन त्याचा युनिकोड नंबर (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर) छापा. जे येईल ते इथे चिकटवा.

---

रानजाई
बुधवार, सकाळी ११:१५

नाही सुटला. सरांनी आल्यावर तात्पुरतं दोन्ही शब्द वेगळे शोधून एकत्र दाखवायचं करून दिलंय, पण का ते त्यांनाही कळलं नाही.

छापलं. एकाची लांबी ६ आली आणि दुसऱ्याची ७!!! मी खुर्चीतून उठलेच. बरोबरचे म्हणाले काय झालं.

सहावाला: ग, ो, मग ०९३१, मग हलन्त, ह, े.
सातवाला: ग, ो, मग ०९३०, मग हलन्त, मग २००डी असं काहीतरी ज्याचं अक्षरच दिसत नाही, मग ह, े.

---

पेठेतला_पेंग्विन
बुधवार, दुपारी १२:३०

सापडला. हा आपला ऱ आहे ताई. मराठीचा स्वतःचा.

नेहमीचा र हलन्त करून पुढे ह जोडला तर रफार होऊन ह च्या डोक्यावर बसतो. आपल्याला गोऱ्हे, कऱ्हा, दुसऱ्या, वाऱ्यावर यात रफार नको, तो आडवा अर्धा र हवा. तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे युनिकोडमध्ये ०९३१ ला वेगळा ऱ आहे, तो घ्यायचा आणि हलन्त लावायचा. दुसरी जुनी रीत, साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह, तेच तुमचं २००डी. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात: गोऱ्हे, गोर्‍हे. कुठला कीबोर्ड कुठली रीत वापरतो त्यावर तुमच्या ड्रायव्हर लोकांचे पत्ते दोन गटांत वाटले गेलेत.

आता नॉर्मलाइज का चाललं नाही ते बघा, कारण ते सांगणारा एका अंगाने बरोबर होता. ०९३१ चं युनिकोडमध्ये अधिकृत फोडलेलं रूप आहे, पण ते म्हणजे र आणि त्याखाली नुक्ता (टिंब). नॉर्मलायझेशन तेवढं जुळवतं. जोडचिन्हवाल्या रीतीला ते हातच लावत नाही. म्हणून तुम्ही ते करून पाहिलंत, चाललं नाही, आणि तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. कुलूप लागायच्या आधी तुम्ही बोलू शकला असता तर त्या लिंकवाल्यालाच काहीतरी नवीन कळलं असतं.

उपाय सोपा. सेव्ह करताना आणि शोधताना, दोन्हीकडे, र + हलन्त + २००डी दिसलं की त्या जागी ०९३१ + हलन्त करायचं. जुना डेटा एकदा त्याच फंक्शनमधून काढायचा, बॅकअप घेऊन.

---

रानजाई
बुधवार, रात्री ८:५०

चाललं. गोऱ्हे बुद्रुक, गोऱ्हे खुर्द, सगळे आले, एकूण ४१ ग्राहक. काका, काय बोलू. सासवडकडच्या एकाचं 'कऱ्हेपठार' पण अडकलं होतं, ते पण सुटलं.

एक विचित्र वाटतंय. महिनाभर मला वाटत होतं की मीच ढ आहे आणि हे पहिल्या दिवशीचं काहीतरी असणार.

---

खडूफळा
बुधवार, रात्री ९:३०

पहिल्या दिवशीचं नाहीच ते. आणि नीट बघा, तुम्हाला उत्तर देणाऱ्या तिघांपैकी एकालाही मराठी येत नसणार. त्यांना 'ऱ' हा प्रश्नच कधी पडणार नाही. आपल्या लिपीचे घोळ आपल्यालाच दिसतात, आणि ते ज्यांना दिसतात ती माणसं बहुतेक तुमच्यासारखी, इंग्रजी जेमतेम, अनुभव वर्षाचा. तीच हाकलली गेली तर तो घोळ तसाच राहणार, पुढचा टँकरवाला पुन्हा फोन करत बसणार. स्टॅक ओव्हरफ्लोच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश, जपानी अशा वेगळ्या साइट्स आहेत, आपल्याकडे तसं काही नाही, विचारायचं तर इंग्रजीतच.

म्हणून माझं म्हणणं, तो प्रश्न परत टाका. तुमचं काम झालंय तरी.

---

रानजाई
बुधवार, रात्री ९:४५

मॅडम, हात थरथरतात हो.

---

कोथरूडचा_कोडर
गुरुवार, रात्री १२:५५

झोप येत नाहीये म्हणून लिहितो. परवापासून मनात आहे.

मी पण तसं लिहिलेलं आहे. तीनेक वर्षांपूर्वी. रिलीज होता, आठवडाभर रात्री एक-दीडला घरी, त्या दिवशी एकच प्रश्न मला सातव्यांदा दिसला. कुणीतरी नवीन पोरगं होतं, होमवर्क चिकटवला होता, कोड न करता. मी लिहिलं, तुझ्यासारख्यांमुळे या फील्डची वाट लागलीय. आठ जणांनी ती कमेंट लाइक केली. मला बरं वाटलं, हे लिहायला जड जातंय पण बरं वाटलं. दोन दिवसांनी सहज बघायला गेलो तर ते अकाउंटच नव्हतं.

उत्तर देणारा का खेकसतो विचाराल तर नव्वद टक्के वेळा तो तुमच्यावर खेकसतच नसतो, आधीच्या सहा जणांवर खेकसत असतो आणि सातवे तुम्ही सापडता. हे कारण आहे, सबब नाही. तेव्हापासून मी एक ठरवलंय, कंटाळा आला की टॅब बंद करायचा. उत्तर न देणं हा पण पर्याय असतो, तो आम्हाला कुणी शिकवत नाही.

रानजाई, प्रश्न मी इंग्रजीत नीट करून देऊ का? तुम्ही मराठीत लिहा, जसं इथे लिहिलंत तसं. तुमचेच शब्द ठेवतो.

---

रानजाई
गुरुवार, सकाळी ७:२०

लिहिते. पण इंग्रजी आधी मी करते, तुम्ही तपासा. मला शिकायचंय.

---

पेठेतला_पेंग्विन
गुरुवार, सकाळी ९:००

छान. टाकताना काही गोष्टी, अनुभवाच्या.

जुना प्रश्न डिलीट करून नवा टाकू नका, शक्य असेल तर त्यालाच दुरुस्त करून परत उघडायची विनंती करा. दुरुस्त करणारा माणूस दिसला की बंद करणाऱ्यांचा पण सूर बदलतो, मी पाहिलंय. सुरुवातीलाच लिहा की नॉर्मलाइज करून पाहिलं, हे आउटपुट आलं. जो करून पाहतो त्याला 'करून बघ' म्हणता येत नाही. मूळ काम पण एका ओळीत सांगा, गावाच्या नावावरून ग्राहक शोधायचेत म्हणून. नाहीतर लोक नुसत्या दोन शब्दांच्या तुलनेत अडकतात आणि तुमची खरी अडचण शोधाची आहे हे राहूनच जातं.

कुणी तिरकस बोललं तर त्यात काही कामाचं आहे का तेवढं बघायचं. असेल तर उत्तर फक्त त्याला, 'आउटपुट वर जोडलं आहे', संपलं. नुसती अक्कल काढली असेल तर रिपोर्टचं बटण दाबायचं आणि पुढे जायचं, त्या माणसाशी बोलायचं नाही. आणि टाकल्यावर दर दोन मिनिटांनी पान उघडून बघू नका, चहा करा, मुलांचा अभ्यास घ्या, सकाळी बघा. मी तर पहिल्यांदा असं बटण दाबायचं झालं तेव्हा बायकोला वाचून दाखवलं आधी. दुसऱ्याने मोठ्याने वाचलं की शब्दांचं विष उतरतं.

---

तिसरं_सेमिस्टर
गुरुवार, सकाळी ९:४०

काका मी पण परत टाकतो मग माझी पोस्ट, डायग्रामसकट. माझा प्रश्न सुटला पण दुसऱ्या कुणाचा रास्पबेरी पाय जळू नये.

---

रानजाई
शनिवार, सकाळी १०:३०

अपडेट.

गुरुवारी रात्री प्रश्न दुरुस्त करून टाकला. कोडरनी फक्त तीन जागी बदल केला आणि एक 'द' घातला. मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून झोपले. शुक्रवारी सकाळी बघितलं तर प्रश्न उघडलेला. मायनस चारचा प्लस दोन झाला होता.

इंग्रजी शिक म्हणणाऱ्याची कमेंट दिसत नाहीये, कुणी काढली माहीत नाही. पहिल्या दिवशी शिकवतात म्हणणारा परत आला होता, त्याने लिहिलंय की मला वाटलं साधा घोळ आहे, जोडचिन्हाचं माहीत नव्हतं. सॉरी नाही म्हणाला. पण तेवढं वाचून पण मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले.

आणि सगळ्यात भारी, एका नेपाळच्या माणसाने उत्तर दिलंय. त्यांच्याकडे पण हाच अर्धा र आहे, 'गर्‍यो' लिहिताना, आणि ते लोक बहुतेक जोडचिन्हवालीच रीत वापरतात. तो म्हणे मी हे कितीदा हाताने दुरुस्त केलंय, प्रश्न म्हणून विचारायचं कधी सुचलंच नाही. त्याने दोन्ही भाषांना चालेल असं फंक्शन लिहून दिलं. मी त्यात आपला तिसरा प्रकार जोडला, मोबाइलवर घाईत जोडचिन्ह राहून जातं आणि रफार पडतो तो, पण तो सरसकट बदलता येत नाही, कारण मराठीत 'दर्या' वेगळा आणि 'दऱ्या' वेगळ्या. तिथे गावांची यादीच तपासावी लागते. हे मी त्याला समजावून सांगितलं, इंग्रजीत, स्वतः.

---

खडूफळा
शनिवार, सकाळी ११:००

सोमवारी वर्गात दाखवणार आहे हा धागा. दाराशी घुटमळणाऱ्यांना तर नक्कीच.

---

नारायणपेठ_९
शनिवार, दुपारी ४:२०

नमस्कार, नवीन आहे इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. मला पण एक डाउट आहे, वेगळा धागा काढायला हवा होता का माहीत नाही. आमच्या वाचनालयाची सभासदांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये आहे, एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांच्या जागी काहीतरी विचित्र इंग्रजी चिन्हं दिसतात. अर्जंट आहे, उद्या सभा आहे.

---

रानजाई
शनिवार, दुपारी ४:३५

नमस्कार, इथेच विचारलंत ते बरं केलंत. नोटपॅडमध्ये तीच फाइल उघडून बघा, तिथे मराठी नीट दिसतं का? दिसत असेल तर डेटा सुखरूप आहे, घाबरू नका, एक्सेल फक्त ती चुकीच्या पद्धतीने वाचतंय. फाइलवर डबल क्लिक करू नका आणि उघडली असेल तर सेव्ह न करता बंद करा. रिकामं एक्सेल उघडा, वर डेटा मेनूत टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून आणा असा पर्याय आहे, तिथे फाइल निवडली की एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) विचारतं, त्यात ६५००१ यूटीएफ-८ निवडा. नाहीच जमलं तर फाइलमधल्या दोन ओळी इथे चिकटवा, फोटो नको, मजकूरच, सभासदांची खरी नावं काढून. एक्सेल कुठल्या सालचं आहे तेही लिहा. मी रात्री दहापर्यंत आहे.